संत अंब्रोजच्या नावाची बँक

इसवी सन ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या रणांगणावर रोमन सैन्याचा दारुण पराभव झाला आणि गॉथ टोळ्यांनी असंख्य माणसे बंदी करून नेली. त्या वेळी मिलान नगरीच्या बिशपपदी संत अंब्रोज होते. बंदिवानांच्या मुक्ततेसाठी त्यांनी चर्चमधील सोन्याचांदीची पवित्र पात्रे वितळवली. विरोधकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. ख्रिस्तसभेच्या द्रव्यावर पहिला हक्क गरजवंताचा, अशा आशयाचे उत्तर अंब्रोज यांनी पुढे धर्मसेवकांच्या कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात दिले. व्याजबट्ट्याच्या पाशात गरिबांना अडकवणाऱ्यांविरुद्ध त्यांनी बायबलमधील तोबीच्या ग्रंथाच्या आधारे एक स्वतंत्र प्रबंधही लिहिला.

त्यानंतर पंधरा शतकांनी, १८९६ साली, याच मिलान शहरात या संताच्या नावाने एक बँक स्थापन झाली: बँको अंब्रोसियानो. सत्पुरुषांनी ती सत्कार्यासाठी उभारली होती. तीच बँक १९८२ साली सुमारे १३० कोटी डॉलरचा खड्डा मागे ठेवून कोसळली. तिच्या अध्यक्षाचा मृतदेह लंडनमधील एका पुलाखाली लोंबकळताना आढळला आणि या व्यवहारांत व्हॅटिकनच्या एका संस्थेचे नाव गुंतल्याने जगभरच्या कॅथलिकांना मान खाली घालावी लागली. हा इतिहास आपल्या समाजात बहुधा कुजबुजीच्या स्वरूपातच पोचला. चित्रपट आणि सनसनाटी कादंबऱ्यांनी त्यावर कल्पनेची पुटे चढवली. आम्ही येथे तो नोंदलेल्या घटनांच्या आधारे मांडत आहोत. त्यातून निघणारा प्रश्न मिलान किंवा रोमपुरता मर्यादित नाही. तो आपल्या धर्मग्रामाच्या दानपेटीपर्यंत येऊन पोचतो.

सद्वर्तनाचा दाखला

१८७० साली इटलीच्या नव्या राज्याने रोम ताब्यात घेतले आणि पोपमहोदयांची ऐहिक सत्ता संपुष्टात आली. त्यानंतरची काही दशके श्रद्धावान कॅथलिक देशाच्या राजकारणापासून दूर राहिले. त्यांची शक्ती वाया मात्र गेली नाही. त्यांनी पतपेढ्या, परस्पर साहाय्य संस्था, शाळा आणि वृत्तपत्रे उभारली. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांचे कामगारांच्या प्रश्नांवरील परिपत्र प्रसिद्ध झाले आणि या कार्याला नवे बळ मिळाले.

या चळवळीतील एक अग्रणी म्हणजे ब्रेशिया शहरातील वकील ज्युझेप्पे तोविनी. दहा मुलांचा हा पिता मोठा प्रार्थनाशील होता. १८८८ साली त्यांनी ब्रेशियात सेंट पॉलच्या नावाने बँक काढली आणि आठ वर्षांनी मिलानमध्ये बँको अंब्रोसियानोची स्थापना केली. धर्मसंस्था, दानकार्ये आणि कॅथलिक कुटुंबे यांच्या पैशाला सुरक्षित घर मिळावे हा त्यांचा हेतू होता. भागधारकाला आपण सद्वर्तनी कॅथलिक असल्याचा दाखला धर्मगुरूकडून आणावा लागे. त्यामुळे लोक तिला धर्मगुरूंची बँक म्हणत. स्थापनेनंतर काही महिन्यांतच, १८९७ साली, तोविनी निवर्तले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली ब्रेशियात त्यांना धन्यवादित घोषित केले.

हा आरंभ आपल्याला परका वाटू नये. आपल्या वसईत १९१८ साली कॅथलिक पतसंस्था निघाली आणि तिच्यातूनच पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक वाढली. त्यामागेही हीच प्रेरणा होती. शेतकऱ्याची मान सावकाराच्या हातून सुटावी आणि समाजाचा पैसा समाजाच्या कामी यावा, अशी ती तळमळ होती. अशा संस्थांचे पहिले भांडवल ओळखीचे असते. समोरचा आपल्या देवळातला आहे, त्याच्या घरी संध्याकाळी रोझरी होते, एवढ्या आधारावर माणूस आपली पुंजी त्याच्या स्वाधीन करतो. मात्र संस्था मोठी झाली की ओळख पुरेनाशी होते आणि तिच्या जागी हिशेब यावा लागतो. बँको अंब्रोसियानो वाढत गेली, पण तिच्यात हे स्थित्यंतर घडले नाही. भागधारकांकडून सद्वर्तनाचा दाखला मागणाऱ्या या बँकेने आपल्या अध्यक्षाच्या वह्या कधी नीट तपासल्या नाहीत.

कागदी कंपन्यांची माळ

रोबेर्तो काल्वी याचा जन्म १९२० साली मिलानमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात तो रशियाच्या आघाडीवर लढला आणि युद्धानंतर बँको अंब्रोसियानोत नोकरीला लागला. मितभाषी आणि कष्टाळू असलेला हा माणूस सहसा कोणाच्या नजरेला नजर देत नसे. १९७१ साली तो महाव्यवस्थापक झाला आणि १९७५ साली अध्यक्ष.

त्याने उभारलेली यंत्रणा समजून घेतल्याशिवाय पुढील अनर्थ उमगणार नाही. इटलीत त्या काळी देशाबाहेर पैसा नेण्यावर कडक निर्बंध होते आणि १९७६ च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा ठरला. म्हणून काल्वीने परदेशांत शाखावजा संस्थांचे जाळे विणले. लक्झेंबर्गमध्ये एक होल्डिंग कंपनी होती. बहामा बेटांवरील नासाव येथे १९७१ साली एक बँक निघाली. पुढे निकाराग्वातील मानाग्वा येथे आणि पेरूतील लिमा येथेही बँका निघाल्या. लक्झेंबर्गची कंपनी जगातील नामांकित बँकांकडून डॉलरमध्ये कर्ज घेई. ते पैसे नासाव, मानाग्वा आणि लिमा या मार्गाने पनामा व लिश्टेनस्टाइन येथील काही कंपन्यांकडे जात. या कंपन्यांना ना कारखाना होता, ना दुकान, ना कामगार. नावाची पाटी आणि टपालाचा पत्ता, एवढाच त्यांचा संसार.

या कागदी कंपन्यांनी घेतलेल्या पैशातून मोठ्या प्रमाणावर खुद्द बँको अंब्रोसियानोचेच भाग विकत घेतले. म्हणजे बँक आपल्याच पैशाने, पडद्याआडून, स्वतःची मालक होऊ लागली आणि त्या बँकेचा खरा धनी काल्वी बनला. मागणी वाढल्याने भागांचा भाव चढे. चढलेल्या भावाचे तेच भाग तारण म्हणून दाखवून नवे कर्ज काढले जाई. गावातील एखाद्या माणसाने पतपेढीतून कर्ज काढून त्याच पतपेढीचे शेअर घ्यावेत, तेच तारण ठेवून पुन्हा कर्ज काढावे आणि प्रत्येक वेळी निराळ्या भावकीतल्या माणसाचे नाव लावावे, तसाच हा प्रकार होता. भाव चढता आहे तोवर सारे आलबेल. पण कर्ज डॉलरचे होते आणि तारण इटालियन लिराचे. १९८० नंतर डॉलर महागला, व्याजाचे दर भडकले आणि माळेतील एकेक मणी गळू लागला.

जामीन आणि खिशातली चिठ्ठी

आता व्हॅटिकनच्या त्या संस्थेकडे वळू. पोप पायस बारावे यांनी १९४२ साली धर्मकार्य संस्था स्थापन केली. तिच्या इटालियन नावाच्या आद्याक्षरांवरून ती आय.ओ.आर. म्हणून ओळखली जाते आणि लोक तिला व्हॅटिकन बँक म्हणतात. व्रतस्थांचे संघ, मिशनकार्ये, धर्मप्रांत यांच्या ठेवी ती सांभाळते. १९७१ पासून १९८९ पर्यंत अमेरिकेत जन्मलेले आर्चबिशप पॉल मार्सिंकस तिचे प्रमुख होते. ते उंचापुरे, धडाडीचे होते आणि पोपमहोदयांच्या परदेश दौऱ्यांची व्यवस्था पाहण्यात निष्णात होते. १९७० साली मनिला येथे पोप पॉल सहावे यांच्यावर सुरा घेऊन चालून आलेल्या हल्लेखोराला आवरणाऱ्यांत ते होते. पण बँकव्यवहाराचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

१९६९ च्या सुमारास व्हॅटिकनने इटालियन कंपन्यांतील आपली गुंतवणूक काढून घ्यायचे ठरवले. त्या कामी सिसिलीत जन्मलेला मिकेले सिंदोना हा धनाढ्य बँकर पुढे आला. १९७४ साली त्याची अमेरिकेतील फ्रँकलिन नॅशनल बँक आणि इटलीतील बँक अशा दोन्ही कोसळल्या. व्हॅटिकनलाही त्यात तोटा सोसावा लागला. एवढा चटका बसल्यावर सावध होणे शहाणपणाचे ठरले असते. तथापि त्याच वर्तुळातील काल्वीशी असलेले संबंध तसेच राहिले. आय.ओ.आर.चा बँको अंब्रोसियानोत लहानसा वाटा होता आणि नासावच्या बँकेच्या संचालक मंडळावर आर्चबिशप मार्सिंकस स्वतः होते. ते नाव पाहूनच परदेशी बँका निर्धास्त होत.

१९८१ च्या उन्हाळ्यात कागदी कंपन्यांची कर्जे डोईजड झाली आणि लिमा व मानाग्वा येथील बँकांचे अधिकारी विचारू लागले की, या कंपन्या आहेत तरी कोणाच्या? काल्वीने आय.ओ.आर.कडे धाव घेतली. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये आय.ओ.आर.ने पत्रे दिली. या कंपन्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे आपल्या नियंत्रणाखाली आहेत आणि त्यांच्या कर्जाची आपल्याला कल्पना आहे, असा त्यांचा आशय होता. परंतु त्याआधी काही दिवस काल्वीने आय.ओ.आर.ला एक उलट पत्र लिहून दिले होते. त्यात म्हटले होते की, या पत्रांमुळे आय.ओ.आर.वर कोणतेही दायित्व येणार नाही. हे दुसरे पत्र धनको बँकांना दाखवले गेले नाही.

एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाने चारचौघांत जामीन राहावे आणि खिशात मात्र 'तुम्ही जामीन नाही' अशी ऋणकोने दिलेली चिठ्ठी बाळगावी, याला आपल्याकडे काय म्हणतात हे वाचकांस सांगायला नको. आपण फसवले गेलो आणि एका छुप्या बेतात आपला नकळत वापर झाला, अशी भूमिका आय.ओ.आर.ने पुढे घेतली. त्यात काही तथ्य असेलही. पण उलट पत्र मागून घेणाऱ्याला धोक्याचा वास आला होता, हे त्या पत्रावरूनच सिद्ध होते. पैशाइतकीच येथे विश्वासाचीही उधारी झाली. तो विश्वास एका संस्थेने मिळवलेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या मिशनऱ्यांनी, धर्मभगिनींनी आणि साध्या भाविकांनी आपल्या प्रामाणिकपणाने जे नाव कमावले होते, ते त्या कागदाखाली सहीसारखे वापरले गेले.

पहारेकऱ्यांचे भोग

कोणाच्याच लक्षात आले नाही, असे मात्र घडले नव्हते. १९७८ साली बँक ऑफ इटलीच्या तपासनिसांनी बँको अंब्रोसियानोची कसून तपासणी केली आणि भलामोठा अहवाल लिहिला. परदेशी कंपन्यांचे गूढ आणि भागांच्या खऱ्या मालकीचा प्रश्न त्यांनी तेव्हाच उपस्थित केला होता. हा अहवाल मिलानचे तरुण दंडाधिकारी एमिलिओ आलेसांद्रीनी यांच्याकडे आला. १९७९ च्या जानेवारीत डाव्या अतिरेक्यांनी, निराळ्याच कारणासाठी, त्यांची हत्या केली. दोन महिन्यांनी बँक ऑफ इटलीचे देखरेख प्रमुख मारिओ सार्चिनेल्ली यांना दुसऱ्याच एका प्रकरणात अटक झाली आणि गव्हर्नर पाओलो बाफ्फी यांच्यावर आरोप ठेवण्यात आले. केवळ वयाचा मान राखून बाफ्फी यांना तुरुंगात टाकले नाही. १९८१ साली दोघेही पूर्णपणे निर्दोष ठरले, पण तोवर पहारेकऱ्यांचे मनोधैर्य खचवण्याचे काम झाले होते.

१९७९ च्याच जुलै महिन्यात जॉर्जो आम्ब्रोसोली यांचा खून झाला. सिंदोनाच्या बुडालेल्या बँकेचे अवसायक म्हणून १९७४ साली त्यांची नेमणूक झाली होती. पंचेचाळिशी गाठलेल्या या कॅथलिक वकिलाला तीन लहान मुले होती. आमिषे आली, मग धमक्या आल्या. ते आपले काम करीत राहिले. मिलानमध्ये स्वतःच्या घरासमोर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. अंत्यविधीला सरकारचा कोणीही प्रतिनिधी आला नाही. बँक ऑफ इटलीचे काही अधिकारी तेवढे उपस्थित होते. १९८६ साली या खुनाचा सूत्रधार म्हणून सिंदोनाला जन्मठेप झाली आणि चारच दिवसांनी तुरुंगात सायनाइडमिश्रित कॉफीने त्याचा अंत झाला.

या साऱ्या काळोख्या कथेत आम्हांस जर कोणी ख्रिस्ताचा खरा अनुयायी दिसत असेल, तर तो हा हिशेब तपासणारा वकील होय. बँकेच्या नावात संत होता, अध्यक्ष रविवारी मिस्साला जात होता, कचेरीत झगे घातलेली माणसे ये-जा करीत होती. पण सत्यासाठी प्राण देणारा माणूस जमाखर्चाच्या वह्यांवर वाकून बसलेला होता. हिशेब तपासणे हे भक्तीपेक्षा हलके, कोरडे काम आहे असे मानणाऱ्यांनी आम्ब्रोसोलींचे स्मरण करावे.

पुलाखालील देह

१९८१ च्या मार्चमध्ये आरेझ्झो शहराजवळ लिचो जेल्ली याच्या कचेरीवर पोलिसांनी छापा घातला. तेथे 'पी-दोन' या गुप्त मेसन संघाच्या सभासदांची यादी सापडली. ९६२ नावांत मंत्री होते, सेनाधिकारी होते, संपादक होते आणि काल्वीही होता. मेसन संघात जाण्यास कॅथलिकांना मनाई असताना, धर्मगुरूंची म्हणवणाऱ्या बँकेचा अध्यक्ष तेथे शपथबद्ध होता. मे महिन्यात त्याला चलन बाहेर नेल्याच्या आरोपावरून अटक झाली. जुलैमध्ये चार वर्षांच्या कारावासाची आणि जबर दंडाची शिक्षा झाली. अपील प्रलंबित असल्याने तो जामिनावर सुटला.

आणि संचालक मंडळाने त्याचे अध्यक्षपद कायम ठेवले.

या एका ओळीपाशी आम्ही वाचकांना थोडे थांबण्याची विनंती करतो. न्यायालयाने दोषी ठरवलेला माणूस परत येऊन त्याच खुर्चीत बसतो आणि सभोवतालचे प्रतिष्ठित सज्जन त्याला आडवे येत नाहीत. ते सारेच काही लबाड नव्हते. कोणाला आपले मानाचे पद जपायचे होते, कोणाला भिडस्तपणा नडला. कोणी मानत होता की आपल्याहून जाणकार माणसे हे पाहतच असतील. कोणाला वाटत होते की आता आवाज उठवला तर बँकेची बदनामी होईल आणि गरीब ठेवीदारच बुडतील. मोठ्या संस्था एका लबाडामुळे क्वचितच बुडतात. त्यांना बुडवायला बऱ्याच भल्या माणसांचे मौन लागते.

३१ मे १९८२ रोजी बँक ऑफ इटलीने कठोर पत्र पाठवले. तेव्हा कार्लो अझेल्यो चाम्पी गव्हर्नर होते. पुढे ते इटलीचे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्षही झाले. परदेशांत अडकलेल्या सुमारे १४० कोटी डॉलरचा जाब त्या पत्राने विचारला आणि प्रत्येक संचालकाला ते वाचण्यास भाग पाडले. ५ जूनला काल्वीने पोप जॉन पॉल दुसरे यांना मदतीची याचना करणारे पत्र लिहिले. नंतर काही दिवसांत तो बनावट पारपत्रावर देशाबाहेर पडला. १७ जूनला संचालक मंडळाने अखेर त्याचे अधिकार काढून घेतले. त्याच सायंकाळी त्याच्या कार्यालयातील सचिव महिलेने बँकेच्या इमारतीवरून उडी घेऊन जीवन संपवले. १८ जूनच्या सकाळी लंडनमधील ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली काल्वीचा मृतदेह लटकलेला आढळला. खिशांत विटांचे तुकडे आणि हजारो डॉलर मोलाच्या नोटा होत्या. पहिल्या चौकशीने आत्महत्या म्हटले, १९८३ च्या दुसऱ्या चौकशीने निष्कर्ष खुला ठेवला. पुढे नव्या न्यायवैद्यक तपासणीतून तो खून असल्याचे पुढे आले. परंतु रोममधील खटल्यात २००७ साली पाचही आरोपी निर्दोष सुटले. त्याला कोणी मारले हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही.

ऑगस्ट १९८२ मध्ये बँक अवसायनात निघाली. इतर बँकांनी मिळून 'नवी बँको अंब्रोसियानो' उभी केली. तिच्या अध्यक्षपदी ब्रेशियाचेच एक वकील, जोव्हान्नी बाझोली, आले. इटलीतील ठेवीदारांचे पैसे वाचले. हजारो लहान भागधारकांचे भाग मात्र रद्दीच्या मोलाचे झाले. लक्झेंबर्गच्या कंपनीची जबाबदारी कोणाची यावरून देशादेशांत वाद जुंपला आणि त्यातूनच १९८३ साली बाझल येथे बँकांच्या आंतरराष्ट्रीय देखरेखीचे नियम नव्याने लिहिले गेले. मूळ बँक ज्या देशातील, तेथील देखरेख यंत्रणेने तिचा देशाबाहेरचा पसाराही एकत्रितपणे तपासावा, हे तत्त्व दृढ झाले.

रोमचा लांबचा रस्ता

ख्रिस्तसभेने काय केले? परराष्ट्र व राज्यकारभार पाहणारे कार्डिनल कासारोली यांनी बाहेरच्या अनुभवी बँकरांची समिती नेमली. इटली आणि व्हॅटिकन यांची संयुक्त चौकशीही झाली. मे १९८४ मध्ये जिनिव्हा येथे करार होऊन आय.ओ.आर.ने धनकोंना सुमारे २४ कोटी डॉलर दिले. कायदेशीर दायित्व मान्य न करता, नैतिक गुंतवणुकीची जाणीव ठेवून दिलेली ही ऐच्छिक रक्कम होती. १९८७ साली मार्सिंकस व अन्य दोन अधिकाऱ्यांविरुद्ध इटलीत अटकेचे आदेश निघाले, पण १९२९ च्या लातेरान करारानुसार ख्रिस्तसभेच्या मध्यवर्ती संस्थांना संरक्षण असल्याने सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. मार्सिंकस यांच्यावर कधीच खटला चालला नाही. २००६ साली अ‍ॅरिझोनात त्यांचा मृत्यू झाला. दोष किती होता, नव्हता, हे न्यायासनासमोर ठरलेच नाही. ते ठरले असते तर निर्दोषांचेही भले झाले असते.

१९८९ साली आय.ओ.आर.चा कारभार प्रापंचिक तज्ज्ञांच्या मंडळाकडे देण्यात आला. अँजेलो कालोया हे त्याचे प्रमुख झाले आणि वीस वर्षे राहिले. धर्मगुरूंच्या जागी प्रापंचिक जाणकार आले म्हणजे प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. २०२१ साली व्हॅटिकनच्याच न्यायालयाने त्याच कालोया यांना आय.ओ.आर.च्या मालमत्तेच्या विक्रीतील अपहाराबद्दल आठ वर्षे अकरा महिन्यांची शिक्षा सुनावली. झगा असो वा कोट, तपासणारा डोळा नसेल तर दोन्ही सारखेच निसरडे, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

खरा बदल हळूहळू झाला. २०१० च्या अखेरीस पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आर्थिक व्यवहारांवर देखरेख करणारे स्वतंत्र प्राधिकरण स्थापले. २०१३ साली आय.ओ.आर.ने आपला वार्षिक अहवाल प्रथमच जगापुढे ठेवला आणि त्या काळात हजारो अपात्र खाती बंद झाली. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी अर्थव्यवहारांसाठी स्वतंत्र सचिवालय निर्माण केले. तरीही लंडनच्या स्लोन अ‍ॅव्हेन्यू भागातील एका इमारतीच्या खरेदीत व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयाचे कोट्यवधी युरो बुडाले. पण या वेळी गोष्ट निराळ्या वळणावर गेली. २०१९ साली त्या व्यवहारासाठी आय.ओ.आर.कडे १५ कोटी युरोंचे कर्ज मागण्यात आले, तेव्हा तिच्या अधिकाऱ्यांनी पत्र लिहून देण्याऐवजी प्रश्न विचारले आणि व्हॅटिकनच्या तपासयंत्रणेकडे तक्रार केली. महालेखापरीक्षकांनीही आपली शंका नोंदवली. त्यातून उभा राहिलेला खटला डिसेंबर २०२३ मध्ये निकाली निघाला आणि कार्डिनल अँजेलो बेच्यू यांच्यासह अनेकांना शिक्षा सुनावण्यात आल्या. कार्डिनल बेच्यू यांनी आपण निर्दोष असल्याचे सांगून अपिलाचा मार्ग धरला. त्याचे पुढे काय व्हायचे ते होवो. ज्या संस्थेने १९८१ साली न विचारता सही केली, तिनेच ३८ वर्षांनी वरिष्ठांच्या मागणीपुढे प्रश्न ठेवला. या इतिहासातील ही सर्वांत आशादायक नोंद आहे.

आपल्या अंगणात

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. केरळात सिरियन ख्रिस्ती समाजाच्या विश्वासावर वाढलेली पालई सेंट्रल बँक १९६० च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. ठेवीदारांच्या त्या हाहाकारानंतर १९६२ पासून देशात ठेवींना विमा मिळाला. आरंभी दीड हजार रुपयांपर्यंत असलेले हे संरक्षण २०२० साली पाच लाखांवर गेले. २०१९ साली मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक अडचणीत आली. एकाच बांधकाम समूहाची प्रचंड कर्जे एकवीस हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवली गेल्याचा आरोप तपासयंत्रणांनी ठेवला. पनामाच्या कंपन्या आणि ही खाती यांत जातीचा फरक नाही. ठेवीदारांच्या रांगेतील वृद्ध चेहरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत.

आपल्या धर्मग्रामातही पैसा असतो. सणाची वर्गणी, देवळाच्या छपराचा निधी, मिशनरविवारचे दान, शाळेची देणगी, सोसायटीच्या ठेवी. त्यांचा हिशेब कोणी विचारला तर 'याचा विश्वास उडाला वाटते' असे म्हणणारे तोंड लगेच उघडते. वस्तुतः ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा हिशेब विचारणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. काल्वीच्या मृत्यूनंतर सात महिन्यांनी, २५ जानेवारी १९८३ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी नवी धर्मविधिसंहिता घोषित केली. तिच्या ५३७ व्या कलमाने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक केले. १२८४ व्या कलमात मालमत्ता सांभाळणाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत: जमाखर्च नीट लिहावा, कागदपत्रे जपावीत, वर्षाअखेर अहवाल तयार करावा. १२८७ वे कलम सांगते की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना देण्यात यावा. म्हणजे धर्मग्रामातील हिशेब विचारणारा माणूस धर्मगुरूंचा अवमान करीत नाही. ख्रिस्तसभेने त्याला दिलेला हक्क तो बजावतो.

ही शिकवण आजची नाही. जेरुसलेमच्या गरिबांसाठी संत पौलाने करिंथ व इतर मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने नेण्याचे त्याने टाळले. मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे सोबत घेतली. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार स्वच्छ असावा, अशी त्याची काळजी होती. पौलावर कोणाचा विश्वास नव्हता म्हणून त्याने साक्षीदार घेतले नाहीत. लोकांचा आपल्यावर पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच त्या विश्वासाला जपण्याची जबाबदारी त्याने ओळखली.

आज कोठे अर्थसमिती केवळ फलकावर असते. कोठे तिची सभा वर्षातून एकदा चहापुरती होते. कोठे लेखापरीक्षकाचा अहवाल कपाटातच राहतो. असे असेल तर पुढील वार्षिक सभेला जाऊन दोन प्रश्न विचारण्याचे काम धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाचे आहे. किती आले, आणि कशावर गेले? हे प्रश्न आदराने विचारावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारावेत. धर्मगुरूंनी व विश्वस्तांनीही त्यांचे स्वागत करावे, कारण उघड्या वहीइतके दुसरे कोणतेही संरक्षण प्रामाणिक कारभाऱ्याला नाही. ज्या निधीतून एखाद्या मुलाचे शिक्षण होणार आहे, एखाद्या विधवेचे औषधपाणी व्हायचे आहे, त्याच्या प्रत्येक रुपयावर पहिला हक्क त्यांचा आहे. संत अंब्रोज यांनी पात्रे वितळवली, ती कोणासाठी आणि का, हे त्यांनी सर्वांसमोर सांगितले होते.